पांढऱ्या खुंटीचे वाफे

चौक, ता. खालापूर
२० ऑक्टोबर १९८३

भागी,

वर चिरंजीव लिहून खाली आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. पण अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम आशीर्वाद देत सुटलो तर तूच म्हणशील, याला काय झालं. म्हणून नुसतं भागी.

पत्र मैना वाचून दाखवेल हे धरूनच लिहितोय. मैना, मी तुझा पदूमामा. आजीच्या दिवसांना तू आली होतीस, पण तेव्हा चार वर्षांची होतीस, आठवत नसेल. सावकाश वाच. माझं अक्षर सरकारी आहे, भल्याभल्यांना लागत नाही.

माझी बदली परत कर्जतला झाली. रोज चौकातून एस.टी. पकडतो. तुझी वहिनी विमल बरी आहे. पडवीची कौलं यंदा बदलली. घरामागचं खाचर यंदा चांगलं आलंय, आठवड्यात कापणीला येईल. साजगावला चांगोरावांची पाळी अजून रात्रीचीच असते का? मैना, बाबांना माझा नमस्कार.

एक विचारायचं होतं. शास्त्रापुरतंच.

तुला ते छत्तीस वाफे आठवत असतील. सत्तर सालच्या पावसाळ्यात, जिल्हा अजून कुलाबा होता तेव्हा, आपण घरामागच्या खाचरात बांध घालून पाडले होते. तू माहेरी लावणीला आलीस की तिथली सगळी बायामाणसं तुझ्या हाताखाली असायची. मैनाला बरं कळावं म्हणून लिहितो. चार जातींचा भात होता. लाल खुंटीच्या वाफ्याला हेक्टरी चाळीस किलो नत्र, निळ्या खुंटीला ऐंशी, पांढऱ्या खुंटीला काही नाही. नत्र म्हणजे आपला युरिया. कमी युरियात कोणता भात जास्त दाणा देतो, खाल्लेल्या खताचं चीज कोण करतो, हे शेती खात्यातल्या आमच्या साहेबांना शोधायचं होतं. नवा बुटका भात कितीही खत खाऊन ताठ उभा राहतो, आपला उंच काळकुसळ जास्त खाल्लं की आडवा होतो, एवढं कोणालाही दिसत होतं. पण डोंगरातल्या माणसाला युरिया मिळाला तर ओंजळभर मिळणार, त्यानं काय लावायचं? प्रश्न चांगला होता. मला आजही तसं वाटतं.

पांढऱ्या खुंटीचा भात उपाशी राहायला हवा, कारण त्याच्यावरूनच बाकीच्यांचं माप काढायचं. पहिल्या वर्षी तो तसा पिवळाच होता. दुसऱ्या वर्षी बरा दिसला. तिसऱ्या वर्षी लाल खुंटीच्या खांद्याला खांदा लावून उभा. साहेब आले, त्यांनी ते पाहिलं, त्यातच पडवीच्या खोलीत अर्धी गोण युरिया कमी भरला, आणि तो चोरून पांढऱ्या वाफ्यांत टाकल्याचं बालंट तुझ्यावर आलं. ते उगाळत नाही. त्या दिवसापासून तू माझ्या घरचं पाणी प्यायली नाहीस, आईच्या दिवसांनाही मोतीबाईच्या वाडीवरून तांब्या आणवलास, हे मी विसरलेलो नाही.

एवढंच सांग. त्या वाफ्यांत तू काही टाकलं होतंस का? शेण, राख, पाला, काहीही. भुकेलं पीक बघवलं नाही म्हणून टाकलं असशील तरी सांग. साहेब केव्हाच निवृत्त झाले. आता रागावणारं कोणी नाही.

पदू


चौक
८ नोव्हेंबर १९८३

भागी,

तुझं उत्तर नाही. मी धरलंही नव्हतं.

परवा भाऊबीज झाली. संध्याकाळी बघतो तर विमलनं पाट मांडलेला, भोवती रांगोळी. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, "दर वर्षी मांडते. तुमचं लक्ष नसतं." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पण मी लिहायला बसलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मोतीबाई कापणीला आली होती. तुझ्याबरोबर बेणणीला, तण काढायला असायची ती, ठाकूरवाडीची. केस पांढरे झालेत, बाकी जीभ तशीच. न्याहारीला बांधावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, मोतीबाई, तिसऱ्या वर्षी त्या पांढऱ्या खुंटीच्या वाफ्यांत काय झालं असेल गं? ती भाकर मोडता मोडता म्हणाली,

"काय व्हायचाय? वालाचा रान त्यो. वालाच्या मागं भात चांगलाच येतो."

"कसला वाल?"

"आरं, तुजी आय पेरायची ना. भात कापला का पांढऱ्या खुंटीत वाल. दोन वर्सा पेरला. तूच तं लिवलं व्हतंस, खताच्या वाफ्यात काय पेरू नका म्हनून. मंग बिनखताच्यात पेरला. आनि खताच्या रानातला वाल शिजत नाय, तुजी आय बोलायची. दगडावानी ऱ्हातो."

मी विळा तिथंच ठेवून घरी आलो. आईच्या खोलीत पत्रं खोवायची तार अजून आहे, खालपासून वरपर्यंत भरलेली. एकेक काढत गेलो. मामाची, चांगोरावांची, वीज मंडळाची, आणि मध्येच माझं कार्ड. सोलापूरहून, नोव्हेंबर सत्तर. थंडीत मला ज्वारीच्या कामाला तिकडे धाडायचे, मे महिन्यात परत यायचो. कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "खताच्या वाफ्यांत हिवाळ्यात काही पेरू नये, माती तपासायची आहे. आईस सांगणे." मला छत्तीसही वाफे म्हणायचं होतं. सगळं खाचरच माझ्या डोक्यात 'खताचं' होतं. आईनं मात्र लिहिलं होतं तेवढंच ऐकलं आणि तेवढंच पाळलं. रिकामी जमीन बघून तिला चैन पडणं शक्यच नव्हतं.

मैना, वालाचं रोप उपटून बघ. मुळांना बारीक बारीक गाठी असतात. त्या हवेतलं नत्र धरून ठेवतात, पानगळ आणि मुळ्या मातीत कुजल्या की ते पुढच्या पिकाला मिळतं. हे मी शेतकऱ्यांच्या शिबिरात खडूनं चित्र काढून सांगतो. गेली वीस वर्षं सांगतोय. मे महिन्यात मी घरी यायचो तेव्हा वाल उपटून झालेले, गुरं फिरून गेलेली, रानात नुसती ढेकळं. कोणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? आपल्याकडे भाताच्या मागे वाल पेरतात हे काय कोणी कोणाला सांगतं?

आणि ऐक. आई मला सोलापूरला एस.टी.च्या कंडक्टरकडे पिशवी द्यायची. कडवे वाल. मी त्यांना मोड आणून बिरडं करायचो, आणि खोलीवरच्या देशावरच्या पोरांना ऐटीत वाढायचो की हे आमच्याकडचं. आमचा सगळा प्रयोग ज्यानं बुडवला तो ऐवज मी मिटक्या मारत खाल्ला.

तेव्हा झालं ते असं. तू काही टाकलं नव्हतंस. आईनं मुद्दाम काही केलं नाही. कार्ड माझं होतं, तेवढी चूक माझी. सगळा उलगडा झाला, मला फार हलकं वाटतंय. आता तूही मनात काही ठेवू नकोस.

पदू


चौक
१९ नोव्हेंबर १९८३

भागी,

मैनाचं कार्ड आलं. अक्षर सुरेख आहे, आपल्या घरात कोणाचं नव्हतं असं. कार्ड मी खिशातच ठेवलंय. त्यावरचं इथं पुन्हा उतरवतो, म्हणजे मला दुसरीकडे वळता येणार नाही: "मामास नमस्कार. तुमची दोन्ही पत्रे पोचली. आई विचारते, भात वालाने हिरवा केला, मग अर्धी गोण कुणी खाल्ली? आईने एवढेच लिहायला सांगितले."

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तीन वेळा मी युरियाला हवेत पाणी सुटतं, गोणी गळतात, वजनकाटा जुना होता, असं बरंच काही लिहिलं. फाडून टाकलं. मैना, इथून पुढचं एकही वाक्य गाळू नकोस. मामाचं काय होईल ते होऊ दे.

अर्धी गोण मी दिली. गावातल्या सख्याला.

बहात्तर सालच्या ऑगस्टची गोष्ट. युरिया कुठे मिळत नव्हता, आणि सख्याचं खाचर हळदीसारखं पिवळं पडलं होतं. तो दोन दिवस आपल्या ओट्यावर येऊन बसला. मागितला त्यानं नाही. नुसतं म्हणत राहिला, "तुमचं काय पदूशेठ, तुमच्या हातात सरकार." मला कोणी पदूशेठ म्हटलं की मी युरियासारखाच विरघळायचो. तू वाडीवर बेणणीच्या बायांना बोलवायला गेली होतीस, खोलीची किल्ली भिंतीवरच्या खुंटीला होती. मी खोली उघडली, अर्धी गोण त्याच्या पोत्यात ओतली, किल्ली परत खुंटीला लावली. महिन्याभरात हिशेब जमवून टाकू असं वाटलं होतं. साहेब आधीच आले.

त्यांनी गोणी तोलल्या. मग पांढरे वाफे पाहिले. मग मला विचारलं, "किल्ली कोणाकडे असते?"

मी म्हटलं, "बहिणीकडे."

एवढंच बोललो. अकरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं काय बोललो? किल्ली तुझ्याकडेच असायची. पण त्या एका शब्दाच्या उत्तरानं काय होणार हे मला बोलता बोलताच कळलं होतं.

तू बांधावर होतीस, गुडघ्यापर्यंत चिखल, कडेवर मैना. म्हणालीस, "दादा, तू सांग ना रं साहेबांना." मी खाली बसलो आणि समोरच्या भाताच्या चुडाचे फुटवे मोजायला लागलो. चौदा होते. साहेब निघून जाईपर्यंत मी ते मोजत होतो. तू आणखी एकदा हाक मारलीस. मग नाही मारलीस.

संध्याकाळी चांगोराव सायकल घेऊन आले आणि तुम्ही गेलात. पुढे गावात आणि चौकातल्या हॉटेलात जे काय बोलले गेलं ते तुझ्या कानांवर साजगावपर्यंत आलंच असेल. युरियावाली भागी. माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मी विषय बदलायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला भाऊ समजायचो.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. गोण कुठे गेली हे मला माहीत होतं. तरी मला वाटायचं, गोण मी दिली खरी, पण वाफे हिरवे आहेत म्हणजे हिनंही मूठ मूठ टाकलीच असणार. अगदीच निर्दोष नाही ती. भागी, त्या हिरव्या वाफ्यांच्या आडोशाला मी अकरा वर्षं बसलो. पहिल्या पत्रात तुला 'काही टाकलं होतंस का' म्हणून विचारलं ते शास्त्रापुरतं नव्हतं. तू हो म्हणावंस म्हणून विचारलं होतं. मोतीबाईनं वालाचं सांगितलं तेव्हा मला हलकं वाटलं असं मी लिहिलं, तेही खोटं. माझा आडोसा गेला. मी विळा टाकून घरी पळालो तो त्यामुळे.

साहेबांनी तो तीन वर्षांचा कागद फाडला. काळकुसळ ओंजळभर खतात सगळ्यांत बरा वाटत होता, तेही त्याबरोबर गेलं. मोतीबाईच्या वाडीचं काम गेलं. पण ते सगळं एका बाजूला. आपल्या दोघांत शाळेत एकालाच घालायचं ठरलं तेव्हा आईनं मला घातलं, आणि तू गुरं राखलीस. त्या शिक्षणाचा मी काय उपयोग केला ते हे.

माफ कर असं लिहायला हात जात नाही. फार सोपं वाटतं ते.

पदू


चौक
२८ नोव्हेंबर १९८३

भागी,

बंद पाकिटात खरं बोलणं म्हणजे पुन्हा आडोसाच, हे मला पत्र पेटीत टाकल्यावर कळलं. तुझ्यावरचं बालंट उघड्यावर आलं होतं.

काल आपल्या खळ्यावर झोडणी होती. अर्धा गाव हाताखाली होता, वाडीवरची माणसंही. दुपारी जेवायला बसल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. सख्याचं नाव घेतलं, माझं आधी घेतलं. वालाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, फुटव्यांचंसुद्धा सांगितलं. कोणी जेवायचं थांबलं नाही.

मग सखा म्हणाला, "आरं पदू, गोन मी मागितली नवती. तू दिलीस. अकरा वर्सांनी माजं नाव कशाला काढतोस?"

"तू मागितली नव्हतीस, हेच सांगतोय," मी म्हटलं.

तो ताट सारून उठला आणि गेला. त्याचं खरंच होतं. मोतीबाई तेवढी म्हणाली, "आनि ह्ये सांगाया तुला इतकी वर्सा लागली? भागीला रं मी दर खेपंला सांगायची, तुजा दादा येल. मंग सांगायचा सोडला." विमलनं मला पाण्याचा तांब्या दिला. तिलाही हे कालच कळलं.

हे पत्र मोतीबाई घेऊन येतेय, तिची लेक साजगावाजवळ खोपोलीला दिलीय म्हणून. पत्राबरोबर रुमालात पडवीच्या खोलीची किल्ली आहे. तीच, जुनी. खोलीत आता युरिया नाही. आईच्या बियाण्यातला वाल आहे, राख लावून मडक्यात ठेवलेला, दर वर्षी विमल राखते. मी घरात सांगून ठेवलंय की ती खोली भागीशिवाय कोणी उघडायची नाही. दुसरी किल्ली नाही.

रानात ओल अजून दहा-बारा दिवस टिकेल, वाल पेरायचा तर तोवर. तुझ्यावर जोर नाही. नाही आलीस तर यंदा खाचर पडीक राहील, आणि ते बरोबरच होईल.

पदू


चौक
९ डिसेंबर १९८३

भागी,

मोतीबाई परत आली तेव्हा मी तिला किती प्रश्न विचारले! तिनं एकच सांगितलं. मैनानं पत्र वाचलं, तू म्हणालीस परत वाच, तिनं परत वाचलं, आणि तू किल्ली घेऊन चुलीकडे गेलीस. बस. मी विचारलं, रडली का? म्हणाली, "तुला काय करायचाय?"

त्यानंतर आठ दिवस गेले. रोज कर्जतहून आलो की आधी पडवीत जाऊन कुलूप बघायचो. ते तसंच असायचं. मग खाचरात जाऊन माती मुठीत दाबायचो. रविवारी गोळा होत होता, मंगळवारी फुटायला लागला. विमल म्हणाली कुलूप तोडा, बी वाया जाईल. मी नाही म्हटलं. बुधवारी मी खाचराकडे गेलोच नाही.

काल संध्याकाळी आलो तर कुलूप लागलेलं होतं, पण उलट्या तोंडानं. मडकं रिकामं असणार हे मला तिथंच कळलं. मी चपला काढायच्या आत मागे गेलो. सगळं खाचर पेरलेलं. वाफे आता छत्तीस नाहीत, बांध मोडून चारच ठेवलेत, पण ओळींवरून हात कोणाचा ते ओळखू येतं. तू नेहमी डावीकडे जरा झुकतेस. मोतीबाईची ओळ सरळ असते, तुझी नाही.

विमलला विचारलं, कधी आली होती? दहाच्या गाडीनं, मैना बरोबर होती, तीनच्या गाडीनं गेल्या. घरात आली? नाही, ओट्यापर्यंत. पाणी? "तांब्या भरून ओट्यावर ठेवला होता. नंतर रिकामा होता." प्यायली की हात धुतले? विमल म्हणाली, "मी बघत नव्हते." ती बघत होती, मला माहीत आहे. पण सांगणार नाही, आणि मीही पुन्हा विचारणार नाही.

मग मी किल्ली शोधली. खुंटीला नव्हती. ओट्यावर, तांब्याखाली, दाराच्या वरच्या फळीवर, कुठंच नव्हती. विमल म्हणाली, कंदील घेऊन शोधू का? म्हटलं, नको, बस तू.

फेब्रुवारीत शेंगा भरतील. तोवर ती खोली बंदच राहील, कारण किल्ली तू तुझ्याबरोबर घेऊन गेलीस.

तुझा
दादा